वाचकांचे प्रश्न : नायोबियमच्या आत डोकावणारा म्यूऑन

कणत्वरकांतल्या अतिसंवाहक कॅव्हिटींविषयीच्या लेखात एक वाक्य होते : ‘नायोबियमच्या पृष्ठभागाखाली चुंबकीय क्षेत्र कुठवर शिरते, हे म्यूऑन वापरून मोजतात.’ त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे. (कॅव्हिटी म्हणजे नायोबियम या धातूची पोकळ पेटी; तिच्यातल्या रेडिओलहरी कणांना वेग देतात. म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनसारखा, पण जड आणि अल्पायुषी कण.)

कॅव्हिटी द्रव हेलियममध्ये बुडवून, तिच्यात रेडिओलहरी सोडून तिची गुणवत्ता थेट मोजता येते. मग म्यूऑनचा खटाटोप कशाला?

ती मोजणी हवीच, तिला पर्याय नाही. पण तिच्यातून अख्ख्या पृष्ठभागाचा मिळून एकच आकडा हाती येतो. १.३ गिगाहर्ट्‌झच्या नेहमीच्या नऊ कप्प्यांच्या कॅव्हिटीत गुणांक क्यू (जितका मोठा, तितका ऊर्जेचा तोटा कमी) म्हणजे २७० ओहम भागिले पृष्ठरोध. पृष्ठरोध १० नॅनोओहम असेल तर क्यू २७ अब्ज येतो. हा रोध भिंतीच्या आतल्या बाजूच्या जेमतेम १०० नॅनोमीटर थरात घडतो. भिंत असते सुमारे ३ मिलिमीटर जाडीची. तोटा वाढला तर दोष त्या थरात आहे, की फ्लक्स (चुंबकीय क्षेत्ररेषांचा जुडगा) आत घुसू लागला आहे, की खालचा धातूच मळलेला आहे, हे क्यूच्या आकड्यावरून ओळखता येत नाही.

याचे ठसठशीत उदाहरण म्हणजे जोरदार क्षेत्रातली क्यूची घसरण. या कॅव्हिटीत मीटरमागे १ मेगाव्होल्ट प्रवेग दिला की भिंतीवरचे सर्वाधिक चुंबकीय क्षेत्र ४.२६ मिलिटेस्लाने वाढते. २५ मेगाव्होल्ट प्रतिमीटरला ते १०६ मिलिटेस्ला होते, आणि साधारण इथूनच नुसत्या पॉलिश केलेल्या कॅव्हिटीचा क्यू कोसळू लागतो. तीच कॅव्हिटी निर्वातात १२० अंश सेल्सिअसला ४८ तास ठेवली की घसरण जाते. उपाय हाती होता, त्यामागचे कारण मात्र हाती लागत नव्हते. म्यूऑनकडे लोक वळले ते त्यासाठी.

म्यूऑन दोन प्रश्नांची उत्तरे देतो. किती क्षेत्राला फ्लक्स धातूत शिरतो? आणि फ्लक्स शिरण्याआधी, पहिल्या शंभरेक नॅनोमीटरमध्ये क्षेत्र कोणत्या वेगाने मावळते? हे दोन निरनिराळे प्रयोग आहेत आणि त्यांना म्यूऑनही निरनिराळ्या ऊर्जेचे लागतात. शोधनिबंध वाचताना सर्वांत जास्त घोटाळा होतो तो हे दोन एकात मिसळल्याने.

म्यूऑन क्षेत्र ‘सांगतो’ म्हणजे नेमके काय होते?

धन म्यूऑनचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या २०७ पट, प्रोटॉनच्या सुमारे नवव्या हिश्श्याइतके. सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. जागी थांबलेला पायॉन (आणखी एक अल्पायुषी कण) फुटून तो जन्मतो तेव्हा त्याचे स्पिन (कणाचे अंगचे फिरणे, ज्यामुळे तो इवल्या होकायंत्रासारखा वागतो) त्याच्या गतीच्या बरोबर उलट दिशेला असते. म्हणजे सगळे म्यूऑन एकाच दिशेला तोंड करून येतात. चुंबकाने किंवा अतिशीत तापमानाने त्यांना रांगेत आणावे लागत नाही. नायोबियममध्ये थांबल्यावर म्यूऑन अणूंच्या मधल्या पोकळीत बसतो आणि तिथे क्षेत्र असेल तर त्याचे स्पिन भोवऱ्यासारखे डुलत फिरते : १ मिलिटेस्लाला सेकंदाला १,३५,५०० फेरे. १०० मिलिटेस्लाला हेच १३.५५ मेगाहर्ट्‌झ.

मग तो फुटतो आणि पॉझिट्रॉन (धन भाराचा इलेक्ट्रॉन) बाहेर पडतो. त्या क्षणी स्पिन जिकडे असेल तिकडे तो जाण्याची शक्यता जास्त. नमुन्याच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन गणित्र (कण मोजणारी उपकरणे) ठेवायचे आणि प्रत्येक म्यूऑन आल्यापासून पॉझिट्रॉन कधी, कोणत्या बाजूला निघाला याची नोंद ठेवायची. लाखो नोंदी झाल्या की दोन बाजूंच्या मोजणीतला फरक भागिले बेरीज, म्हणजे असममिती, काळानुसार आलेखावर काढता येते. ती लाटेसारखी हलली तर क्षेत्र आहे. लाटेची वारंवारता हाच क्षेत्राचा आकडा.

क्षेत्र अजिबात नसेल तरी आलेख सपाट राहत नाही. निसर्गात नायोबियमचा एकच समस्थानिक आहे, ९३ वस्तुमानांकाचा, आणि त्याच्या केंद्रकाला स्वतःचे ठळक चुंबकत्व आहे. त्या केंद्रकांचे अस्ताव्यस्त क्षेत्र अर्ध्या मिलिटेस्लाच्या आसपास भरते. म्हणून असममिती हळूहळू खाली उतरते, साडेतीन मायक्रोसेकंदांच्या सुमारास तळ गाठते आणि पुन्हा सुरुवातीच्या एक तृतीयांशाकडे चढते. या वळणाला कुबो-तोयाबे म्हणतात. अतिसंवाहक नायोबियमवर बाहेरून १०० मिलिटेस्ला लावूनही हेच वळण दिसले, तर म्यूऑनपर्यंत फ्लक्स पोचलेला नाही. सगळी मोजणी या खुणेवर उभी आहे.

फ्लक्स किती क्षेत्राला शिरतो हे मोजण्याची पद्धत पायरीपायरीने सांगाल का?

यासाठी ४.१ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे म्यूऑन वापरतात. ते नायोबियममध्ये सुमारे १३० मायक्रोमीटर खोल थांबतात. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या ट्रायम्फ प्रयोगशाळेत कॅव्हिटींच्या नायोबियमवर असे बरेच काम झाले आहे.

नमुना म्हणजे साधारण २० मिलिमीटर व्यासाचे नाणे. पुढे चांदीचा मुखवटा, त्याला मधोमध भोक. म्हणजे म्यूऑन नाण्याच्या मध्यभागीच पडतात. चांदीच घेण्याचे कारण तिच्या केंद्रकांचे चुंबकत्व नगण्य असते. चांदीत थांबलेले म्यूऑन बाहेरच्या क्षेत्रात एका सुरात फिरत राहतात आणि त्यांचा संकेत वेगळा काढता येतो. तांबे घेतले तर त्याच्या केंद्रकांमुळे हा संकेत विझत जातो आणि नायोबियमच्या संकेतात मिसळतो.

क्षेत्र नाण्याच्या तोंडाला लंब, म्हणजे शलाकेच्या (म्यूऑनच्या झोताच्या) दिशेने लावायचे असेल तर म्यूऑनचे स्पिन आधी ९० अंशांनी वळवावे लागते. नाही वळवले तर स्पिन क्षेत्राशी समांतर राहते आणि फ्लक्स शिरला तरी काहीच फिरत नाही. क्षेत्र तोंडाला समांतर लावले तर स्पिन वळवण्याची गरज नसते, पण दुसरी अडचण येते. या म्यूऑनचा संवेग २९.८ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति प्रकाशवेग इतकाच असतो. १५० मिलिटेस्लात त्यांचा मार्ग ६६ सेंटिमीटर त्रिज्येने वळतो. चुंबकाच्या २० सेंटिमीटर लांबीत शलाका ३ सेंटिमीटर सरकते, म्हणजे नाणे चुकलेच. प्रत्येक क्षेत्राला शलाका पुन्हा नेमावर आणावी लागते.

आता क्रम. चुंबकाला आधी मागेपुढे, कमी कमी होत जाणाऱ्या प्रवाहाने विचुंबकित करायचे आणि नमुन्याच्या जागचे उरलेसुरले क्षेत्र भरपाईच्या वेटोळ्यांनी काही मायक्रोटेस्लांच्या आत आणायचे. नमुना ९.२५ केल्व्हिनच्या वर, सुरक्षित म्हणून १२ केल्व्हिनपर्यंत गरम करून शून्य क्षेत्रात २.५ ते ३ केल्व्हिनपर्यंत थंड करायचा. आधी शून्य क्षेत्रातली नोंद घ्यायची. हे वळण त्या नमुन्याचे, त्या तापमानाचे प्रमाण. ही पायरी गाळू नये : म्यूऑन नायोबियममध्ये एका जागेवरून दुसरीकडे उड्या मारतो, त्या नमुन्यातल्या अशुद्धींनुसार बदलतात आणि त्याने वळणाचा आकार बदलतो. दुसऱ्या नमुन्याचे वळण उसने घेतले की हाच बदल फ्लक्स म्हणून मोजला जातो.

मग क्षेत्र पायऱ्यांनी वाढवायचे : आधी मोठ्या, अपेक्षित जागेच्या आसपास ५ मिलिटेस्लाच्या. दर पायरीला काही दशलक्ष नोंदी. प्रत्येक नोंदीतून एकच संख्या काढायची : क्षेत्र नसलेल्या भागात थांबलेल्या म्यूऑनचे प्रमाण. ते १ पासून खाली घसरू लागते ते प्रवेश-क्षेत्र.

क्षेत्र चुकूनही पुढे जाऊन मागे आणायचे नाही. वीजपुरवठ्याने पायरी घेताना क्षणभर १० मिलिटेस्ला जास्त दिले, तरी शिरलेला फ्लक्स तिथेच अडकून बसतो आणि पुढचे सगळे आकडे खाली येतात. मग १२ केल्व्हिनपर्यंत गरम करून पहिल्यापासून सुरुवात, दुसरा इलाज नाही. तापमापक थंड दांडीवरच असेल तर तेही फसवते, कारण अतिसंवाहक झालेले नायोबियम उष्णता कमी वाहते. नमुन्याच्या मागे ग्रीसचा पातळ थर द्यावा आणि तापमापक नमुन्यालाच चिकटवावा.

नायोबियमचे पहिले क्रांतिक क्षेत्र, म्हणजे ज्याच्यापुढे फ्लक्स आत शिरू लागावा ते, १७० मिलिटेस्लाच्या वर सांगतात. निबंधांत मात्र कुठे त्याहून फार कमी, कुठे जास्त आकडे दिसतात. खरे कोणते?

बहुधा सगळेच खरे असतात, पण ते एकाच गोष्टीचे आकडे नसतात.

पहिले कारण तापमान. शून्य केल्व्हिनला १७४ मिलिटेस्ला धरले, तर तापमान भागिले ९.२५ याचा वर्ग १ मधून वजा करून गुणायचे. २.५ केल्व्हिनला १६१ येतात.

दुसरे कारण आकार. अतिसंवाहक क्षेत्राला बाहेर ढकलतो, त्यामुळे क्षेत्ररेषा त्याच्या कडेला दाटतात. क्षेत्राच्या दिशेने लांबट, विचुंबकन गुणांक (आकारामुळे क्षेत्र कडेला किती दाटते याचे माप) ०.१३ असलेला लंबगोल नमुना घेतला तर बाहेर ०.८७ पट क्षेत्र लावल्यावरच त्याच्या पोटावर पूर्ण क्षेत्र बसते : १६१ च्या जागी १४०. नाण्याला लंब क्षेत्र लावले तर अवस्था आणखी बिकट. जाडी व्यासाच्या सातव्या हिश्श्याएवढी असेल तर क्रांतिक क्षेत्राच्या ३० टक्क्यांच्या सुमारास, म्हणजे ५० मिलिटेस्लालाच, फ्लक्स कडेने आत येतो.

तिसरे कारण सर्वांत दगा देणारे : पिनिंग, म्हणजे फ्लक्सच्या नळ्या धातूतल्या दोषांवर खिळून बसणे. म्यूऑन आहेत नाण्याच्या मध्यावर, फ्लक्स शिरतो कडेने. धातू स्वच्छ, ताण काढलेला असेल तर शिरलेली नळी पृष्ठभागावरच्या प्रवाहाच्या रेट्याने थेट मध्याकडे सरकते आणि म्यूऑनला लगेच कळते. पिनिंग जोरदार असेल तर नळ्या कडेलाच अडकतात, आणि बाहेरचे क्षेत्र पुष्कळ वाढेपर्यंत मध्य कोरडा राहतो. म्हणजे लंब क्षेत्रात एखाद्या नाण्याचा आकडा मोठा आला, तर ते नाणे उत्तम असेलच असे नाही. उलट ते जास्त दोषांनी भरलेले असू शकते. कॅव्हिटीसाठी अशी पिनिंग वाईटच, कारण थंड होताना आसपासचे क्षेत्र तीत अडकून राहते आणि तोटा वाढवते.

सोडवणूक दोन तऱ्हांनी होते. एक, नमुना १४०० अंश सेल्सिअसला निर्वातात तापवणे. त्याने पिनिंग जवळजवळ नाहीशी होते, आणि त्यावर मग हवी ती पृष्ठप्रक्रिया करून तिचाच परिणाम पाहता येतो. दोन, एकच नमुना लंब आणि समांतर अशा दोन्ही मांडणींत मोजणे. समांतर क्षेत्रात आकडा पिनिंगने फारसा हलत नाही. दोन्हींतली तफावत हेच पिनिंगचे माप. निबंधात मांडणी आणि तापवण्याचा इतिहास दिलेला नसेल तर त्यातल्या आकड्याची दुसऱ्याशी तुलना करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१२० अंशांच्या भट्टीने पृष्ठभागात काय बदलते हे म्यूऑनने दाखवले का?

हो, आणि इथे मंद म्यूऑन लागतात. १३० मायक्रोमीटर खोल जाणाऱ्या म्यूऑनला ४० नॅनोमीटरच्या गोष्टी दिसणार नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये व्हिलिगेनच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमध्ये वेगवान म्यूऑन थंड चांदीच्या पत्र्यावर गोठवलेल्या आरगॉनसारख्या वायूच्या पातळ थरातून काढतात. हजारो-लाखांतला एखादाच १५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासच्या ऊर्जेने बाहेर पडतो, पण त्याचे स्पिन शाबूत असते. त्याला हव्या त्या ऊर्जेपर्यंत, ३० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासपर्यंत पुन्हा वेग दिला की नायोबियममध्ये थांबण्याची खोली १० ते १५० नॅनोमीटरच्या दरम्यान ठरवता येते. नमुना निकेलचा मुलामा दिलेल्या तबकडीवर बसवतात; नमुना चुकलेले म्यूऑन निकेलमध्ये क्षणात स्पिन गमावतात आणि त्यांचा गोंगाट उरत नाही.

क्षेत्र पृष्ठभागाला समांतर आणि प्रवेश-क्षेत्रापेक्षा बरेच कमी, समजा २५ मिलिटेस्ला. सामान्य अवस्थेत वारंवारता ३.३९ मेगाहर्ट्‌झ. थंड केल्यावर प्रत्येक ऊर्जेला ती किती उतरते ते पाहायचे. वरच्या काही नॅनोमीटरमध्ये क्षेत्र जवळपास उतरतच नाही (ऑक्साइड आणि खडबडीतपणा यांचा हा ‘मृत थर’), त्याखाली ते घातांकी मावळते.

इथली एक चूक आकड्यानिशी पाहण्यासारखी आहे. मृत थर १० नॅनोमीटर, शिरकावाची खोली (क्षेत्र किती खोलवर मावळते याचे माप) ३० नॅनोमीटर आणि म्यूऑनची सरासरी खोली ५० नॅनोमीटर धरा. सूत्रात सरळ ५० घातले तर क्षेत्र ६.६ मिलिटेस्ला येते. पण सगळे म्यूऑन ५० वर थांबत नाहीत. त्यांचा पसारा २० नॅनोमीटर असेल तर वर थांबलेले म्यूऑन जास्त क्षेत्र पाहतात आणि सरासरी ८.२ मिलिटेस्ला निघते. हे ८.२ ‘५० नॅनोमीटरचे क्षेत्र’ समजून उलटे गणित केले तर शिरकावाची खोली ३६ नॅनोमीटर येते. नमुन्यात काहीही न बदलता २० टक्के चूक! म्हणून थांबण्याच्या खोलीचे पूर्ण वितरण संगणकावर काढून, त्यातून गाळूनच क्षेत्राचा आराखडा जुळवावा लागतो.

२०१४ साली कॅव्हिटींतून कापलेल्या तुकड्यांवरच्या अशा मापनातून निष्कर्ष निघाला होता की १२० अंशांच्या भट्टीने पृष्ठभागाजवळचे माइस्नर आवरण (क्षेत्र बाहेर रोखणारा प्रवाहांचा थर) एकदम निराळ्या धर्तीचे होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मापनांत मात्र निरनिराळ्या प्रक्रियांच्या नमुन्यांना लंडन यांचे साधे सूत्र (क्षेत्र घातांकी मावळते असे मानणारे) पुरेसे ठरले. फरक उरतो तो इलेक्ट्रॉनच्या मुक्त मार्गाचा (दोन टकरींमधल्या अंतराचा) : भट्टीत ऑक्साइडमधला ऑक्सिजन काही दशक नॅनोमीटर आत झिरपतो, इलेक्ट्रॉन लवकर लवकर आदळतात आणि क्षेत्र जरा खोल शिरते. मूळ खोली २९ आणि संसक्तता-लांबी (अतिसंवाहकातल्या इलेक्ट्रॉन-जोडीचा पसारा) ४० नॅनोमीटर धरली, तर मुक्त मार्ग ४०० नॅनोमीटर असताना शिरकाव ३० चा, तो ४० वर आला की ४१ चा. आम्हाला हे दुसरे चित्र पटते, कारण ते कमी गृहीतकांत सगळे नमुने जुळवते. मात्र क्यूची घसरण थांबण्याचे संपूर्ण कारण एवढ्यात आले असे म्हणता येत नाही. पृष्ठभागाजवळ हायड्रोजनचे बारीक हायड्राइड तयार होऊ न देण्यातही त्याच ऑक्सिजनचा वाटा मानला जातो.

ब्रिटनच्या आयसिस किंवा जपानच्या जे-पार्क या म्यूऑन-केंद्रांत हेच प्रयोग होतील का?

अर्धेच. तिथे म्यूऑन झुबक्यांनी येतात आणि एका झुबक्याची रुंदी १०० नॅनोसेकंदांच्या आसपास असते. १५० मिलिटेस्लात स्पिनचा एक फेरा ४९ नॅनोसेकंदांत पुरा होतो, म्हणजे लाट पुसूनच जाते. उलट, शून्य क्षेत्रातले संथ वळण, १० मायक्रोसेकंदांच्या पुढची शेपटी, अशुद्धींनुसार बदलणाऱ्या म्यूऑनच्या उड्या, हे तिथे उत्तम दिसते, कारण पार्श्वभूमी अगदी कमी असते. ट्रायम्फ आणि पॉल शेररमध्ये म्यूऑन एकेक करून येतात. तिथे वेळेचा नेम नॅनोसेकंदाच्या घरातला, पण उशिराच्या नोंदीत गोंगाट जास्त.

नायोबियमवर नायोबियम-टिनचा थर दिला तर प्रवेश-क्षेत्र वाढते असे वाचले. नायोबियम-टिनचे पहिले क्रांतिक क्षेत्र तर नायोबियमपेक्षा फार कमी आहे. मग हे कसे?

शंका रास्त आहे. वाढ थराच्या स्वतःच्या ताकदीने होत नाही. नायोबियमवर ५० नॅनोमीटर ते २ मायक्रोमीटर जाडीचे नायोबियम-टिन किंवा मॅग्नेशियम डायबोराइड दिले तेव्हा प्रवेश-क्षेत्र जाडीवर अवलंबून नसल्याचे दिसले. आकडा जाऊन भिडला तो नायोबियमच्याच अतितप्त क्षेत्राला (निर्दोष पृष्ठभाग फ्लक्सला जिथवर अडवू शकतो त्या मर्यादेला), शून्य केल्व्हिनला सुमारे २४० मिलिटेस्लाला. नायोबियमच्या पृष्ठभागावर नळी आत शिरताना एक अडथळा असतो, पण एखादा ओरखडा किंवा हायड्राइड तो मोडून काढतो. वर दुसरा अतिसंवाहक असला, की दोन पदार्थांच्या सीमेवर हा अडथळा पुन्हा उभा राहतो आणि नायोबियमचे दोष झाकले जातात. म्यूऑन १३० मायक्रोमीटर खोल, म्हणजे नायोबियममध्ये थांबलेले आहेत, हे इथे विसरू नये. थरात फ्लक्स आधीच शिरला असला तरी त्यांना ते कळत नाही.

शिवाय ही सगळी मापने स्थिर क्षेत्रातली. कॅव्हिटीत क्षेत्र १.३ गिगाहर्ट्‌झने, ०.७७ नॅनोसेकंदात एक आवर्तन करत हेलकावते. थरात शिरलेला फ्लक्स दर आवर्तनाला आतबाहेर करून उष्णता काढेल. म्हणून म्यूऑनने २३० दाखवले म्हणजे कॅव्हिटी २३० ला चालेल, असा अर्थ काढू नये.

कॅव्हिटीतून तुकडा कापून पाठवायचा असेल तर काय सांभाळावे?

कापताना तापमान. पाण्याच्या धारेखाली, सावकाश. धातू तापला तर ऑक्साइड विरघळतो आणि तपासायचा थरच बदलतो. कापल्यानंतर ‘स्वच्छ करण्यासाठी’ आम्लात बुडवू नये : हायड्रोफ्लुओरिक, नायट्रिक आणि फॉस्फोरिक यांचे १:१:२ मिश्रण मिनिटाला मायक्रोमीटरच्या हिशोबात धातू खाते, आणि आपल्याला बघायचे आहेत वरचे १०० नॅनोमीटर. अल्कोहोलने धुऊन कोरड्या नायट्रोजनमध्ये बंद करावे. पिशवीवर लिहावे : तुकडा कोणत्या कप्प्याचा, रेडिओलहरींच्या चाचणीत ती जागा तापत होती की थंड होती, कोणती बाजू आतली, आणि शेवटची भट्टी किती अंशांची, किती तासांची होती. आतली बाजू खुणेने दाखवायला पेन वापरू नये. मागच्या बाजूला कडेला बारीक खाच पुरते.